दोन दारांची केबिन

आटपाट नगर होतं. त्याचं नाव मालवीय नगर. जयपूरच्या दक्षिणेकडचं. एका अंगाला झालान्याचे डोंगर, तिथे बिबटे. दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू मार्ग, त्याच्या आजूबाजूला गौरव टॉवर नि वर्ल्ड ट्रेड पार्कचे झगमगते मजले. आणि रीकोची औद्योगिक वसाहत: पत्र्याच्या शेड, टेम्पो, चहाच्या टपऱ्या, दिवसभर शिलाई यंत्रांची घरघर.

त्या वसाहतीत दोन भाऊ होते. वडिलांचा धंदा ठसेछपाईच्या कापडाचा. कापड सांगानेरहून छापून यायचं, इथे कापायचं, शिवायचं, खोक्यात भरायचं आणि परदेशी पाठवायचं. वडील होते तोवर एक गल्ला, एक सही. जीएसटी आला त्याच्या पुढच्या साली वडील गेले आणि वर्षश्राद्ध उरकताच वाटणी झाली. मोठ्यांनी रजया-चादरी घेतल्या, धाकट्यांनी कपडे. शेडच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली.

वाटणी करणारे फार बारकाईने मोजतात आणि तिथेच घोळ घालतात. ठशाच्या छपाईत एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. कडा काढणारी रेख वेगळी, आत रंग भरणारा दत्ता वेगळा, मागची जमीन रंगवणारा गद वेगळा. इथे पेट्या मोजून निम्म्या-निम्म्या केल्या. एका जुन्या बुट्टीची रेख मोठ्यांकडे गेली नि दत्ता धाकट्यांकडे. ती बुट्टी त्यानंतर छापली गेली नाही. मागायला दोघांपैकी कुणी गेलं नाही.

मुनीमजी मात्र वाटता येईनात.

मुनीमजी म्हणजे सांगलीकडच्या एक मराठी बाई. त्यांचे यजमान मालवीय रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. 1963 साली निघालेलं ते कॉलेज 2002 मध्ये एनआयटी झालं, तेव्हा यजमान नव्हते. बाई परत गेल्या नाहीत. बी. कॉम. झालेल्या होत्या, हात हिशेबात बसलेला होता. भावांच्या वडिलांनी लाल कापडाची वही त्यांच्या पुढ्यात ठेवली ती कायमची. पुढे वहीची टॅली झाली, पण वसाहतीने त्यांना मुनीमजी म्हणायचं सोडलं नाही. बाईमाणसाला मुनीमजी का म्हणायचं, असा प्रश्न तिथे कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

दोन्ही भावांना त्याच हव्या होत्या. तेव्हा भिंत पुढच्या टोकाला जिथे मुनीमजींच्या केबिनला भिडत होती तिथे थांबवली. केबिन सामाईक राहिली. तिला एक दार मोठ्यांकडून, एक धाकट्यांकडून. पगार निम्मा-निम्मा.

अशा जागी बसणाऱ्या माणसाचं अर्धं काम गप्प राहण्याचं असतं. मोठ्यांच्या दाराची कडी वाजली की टेबलावरची धाकट्यांची फाइल पालथी व्हायची. धाकट्यांची चप्पल वाजली की मोठ्यांचं चेकबुक खणात जायचं. कुणाचं कर्ज किती, कुणी कुठल्या गिऱ्हाइकाला कितीची सूट दिली, कुणाच्या कारागिरांचा हप्ता थकला, हे सगळं त्या एका डोक्यात शेजारी शेजारी नांदत होतं. मोठे कधी सहज म्हणून विचारायचे, ‘‘उधर कैसा चल रहा है?’’ मुनीमजी विचारायच्या, ‘‘चहा सांगू?’’ चहा यायचा, प्रश्न तिथेच विरायचा.

टेबलावर संगणकही दोन होते. मोठ्यांचा डावीकडे, धाकट्यांचा उजवीकडे. दोन पडदे, दोन की-बोर्ड, दोन माउस, आणि मधे चष्म्याच्या घराएवढी जागा. एके दिवशी मोठ्यांच्या रुईवाल्याचं बिल त्यांनी उजव्या की-बोर्डवर चढवलं. संध्याकाळी ताळा जुळेना तेव्हा चूक सापडली आणि दुरुस्तही झाली, पण बाईंची झोप उडाली. इतक्या वर्षांत या घरचा पैसा त्या घरी लिहिला गेला नव्हता.

त्यांचा एक भाचा एनआयटीच्या होस्टेलवर होता. रविवारी मामीकडे थालीपीठ खायला यायचा. त्याला त्या म्हणाल्या, ‘‘मला एकच संगणक करून दे बाबा. दोन्हीकडच्या टॅलीला एकाच जागेवरून हात पोचला पाहिजे. खाती टॅलीत वेगळी राहतात, त्याची काळजी नाही. ही की-बोर्डची भेळ नको.’’

भाच्याला काम सोपं वाटलं. डबड्याच्या पाठीमागे लॅनचं एक भोक होतंच. त्यात मोठ्यांची वायर. धाकट्यांच्या वायरीसाठी त्याने यूएसबीत खोचायचं लॅनचं कार्ड आणलं. दोन्ही हिरवे दिवे लुकलुकले. मुनीमजींनी मोठ्यांचं खातं उघडलं, उघडलं. धाकट्यांचं उघडायला गेल्या तर पुन्हा मोठ्यांचंच आलं.

‘‘हे काय रे?’’

भाच्याने पाहिलं. मोठ्यांच्या ज्या संगणकावर टॅलीचा डेटा होता त्याचा पत्ता 192.168.1.10. धाकट्यांच्याचाही 192.168.1.10. दोन्ही राउटरचे पत्ते 192.168.1.1. यात कुणी कुणाची नक्कल केली नव्हती. फेब्रुवारी 1996 मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले. 192.168 ने सुरू होणारा हा त्यातला सगळ्यात धाकटा, तरी त्यात 65,536 पत्ते आहेत. पण राउटर बनवणारे बहुतेक तिसऱ्या जागी 0 किंवा 1 घालूनच डबा विकतात आणि वायरवाला आहे तसा भिंतीला ठोकून जातो. दोन जाळी एकमेकांना ओळखत नाहीत तोवर या सारखेपणाने कुणाचं काही अडत नाही. दोघांच्या मधे एक संगणक बसला की त्याची पंचाईत होते. 1.10 कडे जा म्हटलं की त्याला दोन्ही वायरी सारख्याच खऱ्या दिसतात, आणि तो आपल्या हिशेबाने जी जवळची वाटते ती धरतो. दर वेळी तीच.

‘‘म्हणजे एकाला घर बदलावं लागणार,’’ मुनीमजी म्हणाल्या.

‘‘घर नाही मामी, नंबर. पण कुणी बदलायचा?’’

हा प्रश्न तंत्राचा नव्हता. मोठ्यांना विचारलं तर ते म्हणणार मी का, आणि धाकट्यांना विचारलं तर ते म्हणणार नेहमी मीच का. मुनीमजींनी धाकट्यांना एवढंच सांगितलं, की तुमच्याकडे यंत्रं कमी, काम अर्ध्या तासाचं. मोठ्यांकडे दिवसभर बिलं थांबतील. हे खरंच होतं. धाकट्यांचं जाळं 192.168.2 वर गेलं. आता 1.10 म्हणजे मोठे, 2.10 म्हणजे धाकटे. मुनीमजींनी ते दोन आकडे कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले, वर ‘श्री’ लिहून.

दुसरा घोळ मंगळवारी निघाला. मोठ्यांच्या बँकेने त्यांच्या कचेरीचा कायमचा आयपी पत्ता नोंदवून ठेवला होता. दुसरीकडून कुणी लॉगिन करू गेलं तर पान उघडायचं नाही. मंगळवारी ते उघडेना. भाचा सायकल हाणत आला. त्याने दोन्ही कार्डांत गेटवे भरून ठेवला होता: इकडे 1.1, तिकडे 2.1. भरताना विंडोजने चौकट दाखवून बजावलंही होतं, की एकापेक्षा जास्त गेटवे हे एकाच जाळ्याला जादा वाट म्हणून असतात, वेगवेगळ्या जाळ्यांवर द्याल तर नीट चालणार नाही. त्याने ‘येस’ दाबलं होतं. त्या चौकटी वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आता झालं असं, की यूएसबीचं कार्ड जास्त वेगाने जोडलं गेलेलं, आणि मोठ्यांची वायर जुनी, तिच्यावरचा वेग कमी. वेगवान वाटेला विंडोज आपण होऊन पहिला मान देतं. तेव्हा मोठ्यांचं बँकेचं काम धाकट्यांच्या लाइनवरून बाहेर पडत होतं, आणि बँक अनोळखी माणसाला दारातून परत पाठवत होती.

भाचा समजावू लागला, ‘‘मामी, ज्या पत्त्याची वाट संगणकाला ठाऊक आहे तिकडे तो सरळ जातो. 1 चे सगळे या वायरवर, 2 चे सगळे त्या वायरवर. ज्याची वाट ठाऊक नाही, म्हणजे बाहेरचं सगळं जग, ते तो गेटवेकडे ढकलतो. पुढचं गेटवे बघून घेतो.’’

‘‘म्हणजे सस्पेन्स खातं,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘ज्या रकमेचं खातं कळत नाही ती तिथे टाकायची. मग ती दोन कशी चालतील? सस्पेन्स एकच असतं.’’

भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं. चार महिने वर्गात जे डोक्यावरून गेलं होतं ते मामीने नाश्त्याच्या वेळात उरकलं होतं. त्याने धाकट्यांच्या कार्डातला गेटवे पुसला. धाकट्यांचं एक गोदाम सीतापुऱ्याला होतं, 192.168.20 वर, त्यांच्याच राउटरमधून जोडलेलं. त्या एका गावासाठी 2.1 कडून जाणारी कायमची वाट वेगळी लिहून ठेवली. बाकी सगळं मोठ्यांच्या लाइनवरून.

‘‘थांब,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘मग धाकट्यांचं जीएसटी रिटर्न मोठ्यांच्या लाइनवरून जाणार?’’

‘‘जाईल. पण कुलूप घालून जाईल. राउटरला फार तर कळेल की कुठल्या पोर्टलवर गेलं. आत काय लिहिलं ते दिसणार नाही.’’

‘‘नाही दिसणार ते ठीक. पण सांगायला हवं.’’ त्या उठल्या, उजव्या दाराने गेल्या, धाकट्यांना सांगून, त्यांचा ‘हां, ठीक है’ घेऊन परत आल्या. भाच्याला हे जरा जादाच वाटलं.

त्यानंतर कितीतरी महिने त्या संगणकाचा कुणाला त्रास झाला नाही. सकाळी साडेनऊला सुरू, साताला बंद. टेबलावर एक पडदा, एक की-बोर्ड, चष्म्याला आणि डब्याला ऐसपैस जागा. अशा काळाबद्दल कहाण्यांत काही नसतं.

मग जाकिटं आली.

हॉलंडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने रजईसारख्या टाके घातलेल्या, रुई भरलेल्या, ठसेछपाईच्या जाकिटांचे दर मागवले. दोन्ही भावांकडून. मोठ्यांच्या मते रुई आणि टाका म्हणजे रजई, तेव्हा काम आपलं. धाकट्यांच्या मते बाह्या आणि काज-बटण म्हणजे कपडा, तेव्हा काम आपलं. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. दोघांचंही कॉस्टिंग मुनीमजींच्याच हाताखालून गेलं: कापड, छपाई, रुई, टाका, शिलाई, खोकं, कनकपुऱ्याच्या डेपोपर्यंतचं भाडं. मोठ्यांचा आकडा जाकिटामागे 1,140 रुपये निघाला. धाकट्यांचा 1,085. दोन्ही आकडे एकाच दुपारी, एकाच पडद्यावर, एकाच बाईने पाहिले. मग त्यांनी डबा उघडला आणि जेवल्या.

मोठ्यांचा मुलगा नुकताच धंद्यात आला होता. हुशार पोरगा, हात शिवशिवणारा. त्याला जाकिटाचा नमुना कापायचा होता, त्यासाठी कागदावर मोठे साचे छापून हवे होते. साचे छापायचा प्लॉटर होता धाकट्या काकांकडे. भिंतीपलीकडे, आवाज ऐकू यावा इतका जवळ. बाहेरून छापून आणायचं तर दिवस मोडत होता. काकांना विचारायचं तर पप्पा रागावणार होते. संकष्टी होती, मुनीमजी लवकर घरी गेल्या होत्या. पोरगा केबिनमध्ये आला. त्याला माहीत होतं की हा संगणक दोन्हीकडे जोडलेला आहे. त्याने नेटवर्कची खिडकी उघडली. दोन कार्डांची दोन चित्रं शेजारी शेजारी. दोन्ही निवडली, उजवं बटण दाबलं. यादीत ‘ब्रिज’ होतं. त्याने क्लिक केलं.

प्लॉटर दिसला. साचे छापले. पलीकडे कागद खरखरत बाहेर आल्याचा आवाज भिंतीतून आला. पोरगा खूश होऊन घरी गेला. पूल तसाच राहिला.

सकाळी दोन्हीकडची यंत्रं सुरू झाली. यंत्र जागं झालं की पत्ता मागतं; वाटणारा राउटर तो देतो. कालपर्यंत प्रत्येक जाळ्यात वाटणारा एक होता. आज दोन्ही जाळ्यांचं एकच झालेलं, त्यात वाटणारे दोन, आणि हाक दोघांनाही ऐकू जाणारी. ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता यंत्राने घेतला. मोठ्यांच्या निम्म्या यंत्रांना 2 चे पत्ते मिळाले, धाकट्यांच्या काहींना 1 चे. मोठ्यांच्या बिलिंगवाल्याची टॅली उघडेना. धाकट्यांच्या माणसाला सीतापुऱ्याचं गोदाम सापडेना. ‘नेट गया’ असा दोन्ही शेडमध्ये एकाच वेळी ओरडा झाला. वाटणीनंतर बहुधा पहिलंच एकमत.

आणि मोठ्यांच्या एका यंत्रावर, नेटवर्कच्या खिडकीत, काल नव्हती ती नावं दिसू लागली. धाकट्यांकडच्या फोल्डरांना पासवर्ड नव्हता. घरातल्या घरात कशाला, असं म्हणून तो कुणीच ठेवत नाही. पोराने पाहिलं: कॉस्टिंग, त्यात जाकीट, त्यात एक आकडा. 1,085.

तो धावत वडिलांकडे गेला. ‘‘पप्पा, आपण 1,080 टाकू.’’

मोठे काही साधुसंत नव्हते. त्यांनी आकडा नीट पाहिला, दोनदा पाहिला. आपण रुईत कुठे कमी करू शकतो याचा हिशेब त्यांच्या मनात सुरू झाला, आणि पाच मिनिटांत 1,080 मध्ये बसलाही. मग ते डाव्या दाराने केबिनमध्ये गेले. मुनीमजी संगणकासमोर बसून हताशपणे की-बोर्ड बडवत होत्या.

‘‘मुनीमजी, धाकट्याचा दर माझ्याखाली आहे हे तुम्हाला माहीत होतं?’’

हात थांबले. ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मी विचारतोय, तुम्हाला माहीत होतं का.’’

‘‘होतं.’’

‘‘आणि तुम्ही मला 1,140 पाठवू देणार होतात.’’

‘‘हो.’’

‘‘तीस वर्षं तुम्ही आमच्या घरचं मीठ—’’

‘‘दोन्ही घरचं,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘गेल्या साली टेबलक्लॉथच्या वेळी तुमचा दर त्यांच्या खाली होता. चाळीस रुपयांनी. तेही मला माहीत होतं. ती ऑर्डर तुम्हाला मिळाली, तुम्ही मला साडी दिलीत. मी घेतली.’’

मोठे खुर्चीवर बसले. चहाचं कुणीच काढलं नाही.

एवढ्यात भाचा आला. त्याने खिडकी उघडली, दोन चित्रांच्या शेजारी तिसरं चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पूल मोडायला त्याला अर्धं मिनिट लागलं. दोन्ही कार्डांचे जुने पत्ते पुन्हा भरून सगळी यंत्रं बंद-चालू करून घेण्यात दुपार गेली. मोठे तिथेच बसून होते.

‘‘हा डबा असं आपोआप करतो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही जी. उलट तसं करू नये असा नियमच आहे. 1989 च्या ऑक्टोबरचा.’’ भाच्याला अभ्यासातलं काही सांगायला मिळालं की तो थांबत नाही. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांनी कसं वागावं, हे रॉबर्ट ब्रेडन नावाच्या गृहस्थांनी संपादून ठेवलेल्या नियमांत तेव्हाच लिहिलेलं आहे. एखाद्या संगणकाचे पाय दोन जाळ्यांत आहेत, एवढ्यावरून त्याने आपण होऊन इकडचं तिकडे पोचवायला लागू नये. त्याच्या मालकाला ते काम करायचं नसेल, किंवा करता येत नसेल. पोचवायचंच असेल तर कुणीतरी तसं मुद्दाम सांगावं लागतं.

‘‘काल कुणी सांगितलं?’’ मोठ्यांनी विचारलं. मुलगा दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

मुनीमजी त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी वेगळीच गोष्ट काढली. ‘‘जीएसटीच्या आधीचा तो आठवडा आठवतो? आपला कंटेनर न्हावा शेव्याला अडकला होता. बाबूजी रोज फोन करायचे.’’ मोठ्यांना आठवत होतं. 27 जून 2017. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर तेव्हा बहुतेक व्यापारी वापरायचे. त्याच्या अपडेटमध्ये कुणीतरी नॉटपेट्या नावाचं विष कालवलं. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात ते शिरलं, आणि जाळं जगभर एकमेकांत गुंतलेलं असल्याने बघता बघता न्हावा शेव्याच्या त्यांच्या टर्मिनलपर्यंत पोचलं. गाड्यांच्या रांगा लागल्या. कंपनीने पुढे आपलं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर सांगितलं. ‘‘हिशेबाचंच सॉफ्टवेअर होतं ते,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून गेलं असणार. आज फक्त एक आकडा इकडे आला. तुमच्याकडे एखादं यंत्र आजारी असतं तर ते सगळंच तिकडे गेलं असतं. त्यांनी काय पाप केलं होतं?’’

मोठे बराच वेळ मिशीशी चाळा करत बसले. मग मुलाला म्हणाले, ‘‘दर पाठवू नकोस.’’

‘‘1,140 सुद्धा नाही?’’

‘‘नाही. आता 1,140 पाठवला तरी तो बघून पाठवलेला, 1,080 पाठवला तरी बघून पाठवलेला.’’

मुलाला हे पटलं नाही. मलाही पहिल्यांदा ऐकताना पटलं नव्हतं. 1,140 तर आधीच निघालेला होता, तो पाठवण्यात गैर काय? पण मोठ्यांना जाकीट हातचं जाताना दिसत असूनही तो आकडा आता खोटा वाटायला लागला होता, आणि व्यापाऱ्याला एकदा आपलाच आकडा खोटा वाटला की तो त्यावर सही करत नाही.

‘‘धाकट्यांना सांगावं लागेल,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘फोल्डर त्यांचं उघडलं गेलंय.’’

‘‘मी सांगतो.’’

केबिनच्या उजव्या दाराने गेले असते तर चार पावलं होती. मोठे डाव्या दारानेच उठून गेले, आपल्या शेडमधून बाहेर पडले, रस्त्यावर आले, टेम्पोच्या मागून वळसा घालून धाकट्यांच्या फाटकाशी गेले आणि तिथल्या चौकीदाराला म्हणाले, आत सांग, मी आलोय.

आत काय बोलणं झालं ते मुनीमजींनी ऐकलं नाही. आवाज चढलेला मात्र भिंतीतून कळला, मग उतरलेला कळला, मग बराच वेळ काहीच कळलं नाही. शेवटी उजव्या दाराने धाकटे आले. त्यांच्या मागून मोठे, दाराबाहेर थबकलेले.

‘‘या येडपटाला प्लॉटर पाहिजे होता?’’ धाकट्यांनी पुतण्याकडे बोट करून विचारलं. ‘‘एवढ्यासाठी हे सगळं?’’

पुतण्याने पुन्हा मान खाली घातली.

‘‘तोंड नव्हतं मागायला?’’

यावर मोठ्यांनी घसा खाकरला, पण बोलले नाहीत.

धाकटे भाच्याकडे वळले. ‘‘प्लॉटर देता येतो का त्यांना? बाकी काही नाही, फक्त प्लॉटर.’’

‘‘येतो,’’ भाचा म्हणाला. ‘‘पण मामींच्या संगणकातून नको. मधे एक छोटा राउटर बसवू, तुमच्या बाजूला, तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे. त्यात लिहायचं, की मोठ्यांकडच्या या एका यंत्राने आपल्या एका प्लॉटरशी बोलायचं, पोर्ट 9100 वर. छपाईला तेवढंच लागतं. दुसरं काही आलं तर परत.’’

‘‘आणि मला बंद करायचा असेल तर?’’

‘‘एक ओळ पुसायची. कुणाला विचारायची गरज नाही.’’

‘‘आणि फोल्डरांना पासवर्ड,’’ मुनीमजी म्हणाल्या. ‘‘दोन्हीकडे.’’

‘‘आणि या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड?’’ भाच्याने विचारलं. आजवर बाई स्वतःच ॲडमिन होत्या, म्हणून कालचा पूल एका क्लिकवर बांधला गेला होता.

भाऊ एकमेकांकडे बघू लागले. तो कुणी ठेवायचा यावर वर्षभराचं भांडण सहज निघालं असतं. ‘‘माझ्याकडे नको,’’ मुनीमजी घाईने म्हणाल्या. ‘‘मला टॅली उघडता आली की झालं. बारा अक्षरांचा करा. पहिली सहा एकाने टाका, पुढची सहा दुसऱ्याने. संगणकात काही बदलायचं असेल तर दोघं इथे या.’’

दोघांनी पाठमोरं होऊन आपापली सहा अक्षरं भरली. मोठ्यांनी भरताना ओठ हलवले, तेव्हा धाकट्यांनी मुद्दाम छताकडे पाहिलं.

राउटर त्याच आठवड्यात बसला. पहिले साचे छापून झाल्यावर पुतण्या गुंडाळी घेऊन केबिनमध्ये आला, या वेळी काकांच्या फाटकातून फिरून, आणि हिशेबाला लावायला म्हणून मुनीमजींसमोर उभा राहिला. किती मीटर झाले ते त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. मग त्या उजव्या दाराशी गेल्या आणि धाकट्यांना हाक मारून म्हणाल्या, ‘‘भाईसाहब, प्लॉटरचा कागद यांना मीटरला काय दराने लावायचा? आणि जीएसटी धरून की सोडून?’’